बाबागाडी कोणती घ्यावी? एका अहवालाचं आणि माझ्या एका चुकीचं वाचन



मागच्या वेळी आपण लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे पेपरांची नुसती यादी का नव्हे, यावर बोललो होतो. बऱ्याच जणांनी कळवलं की उदाहरण जड झालं, काहीतरी सोपं द्या. म्हणून आज विषय घेतलाय बाबागाडीचा. हसू नका. पेटच्या मुलाखतीत किंवा सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला जे प्रश्न विचारून आपल्याला घाम फोडतात, ते सगळे प्रश्न या एका खरेदीत मला विचारले गेले, आणि मी नापास झालो.

झालं असं. ताईला मुलगी झाली. ताईचं सासर येवल्यातच, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. भाऊजींकडे पैठणीचे माग आहेत आणि ताई स्वतःही मागावर बसते. बाळ चार महिन्यांचं झाल्यावर तिने ठरवलं की सकाळी बाळाला आईकडे सोडायचं, मागावर जायचं, संध्याकाळी परत न्यायचं. मामा म्हणून बाबागाडी मी घ्यावी असं घरात परस्पर ठरलं. ताई फोनवर म्हणाली, "एवढं संशोधन करतोस ना, मग तूच शोधून सांग कोणती चांगली."

आता पीएचडीच्या विद्यार्थ्याला कुणी असं म्हटलं की तो काय करतो? एक्सेल उघडतो. मीही तेच केलं. तीन रात्री जागून तक्ता बनवला. सतरा गाड्या, नऊ निकष, प्रत्येक निकषाला गुण. साडेपाच किलोची, एका हाताने घडी होणारी, लोकांनी भरभरून तारे दिलेली गाडी पहिली आली. फेलोशिपमधून साडेनऊ हजार मोजले आणि ती मागवली. ती येवल्याच्या गल्लीत कशी चालली ते पुढे सांगतो. आधी मी ज्यावर विश्वास ठेवला, ते सगळं तपासून बघू.

पहिलं वाचन: 'सर्वोत्तम दहा'च्या याद्या

बाबागाडीवर मिळणारा बहुतेक मजकूर याच प्रकारचा असतो. त्यात वजन, घडी, चाकं, छत, किंमत यांना गुण देतात आणि शेवटी बेरीज करतात. हे दिसायला वस्तुनिष्ठ वाटतं. पण एक छोटं गणित करून बघा.

समजा 'अ' गाडीला वजनात ९, घडीत ९ आणि चाकांत ४ गुण आहेत. 'ब' गाडीला वजनात ५, घडीत ५ आणि चाकांत ९. यादी लिहिणाऱ्याने वजनाला ४० टक्के, घडीला ४० टक्के आणि चाकांना २० टक्के महत्त्व दिलं, तर 'अ'ला ८.० आणि 'ब'ला ५.८ मिळतात. 'अ' सहज जिंकते. आता चाकांना ६० टक्के आणि बाकी दोघांना २०-२० टक्के द्या. 'अ'ला ६.० आणि 'ब'ला ७.४. गाड्या त्याच, गुण तेच, आणि निकाल उलटा. म्हणजे निकाल टक्केवारी ठरवताना लागला, मोजमाप करताना नाही. आणि ही टक्केवारी कुणी ठरवली, कुठल्या रस्त्यावर चालणाऱ्या आईसाठी ठरवली, हे अशा याद्या सांगत नाहीत.

यादी लिहिणारा मुद्दाम फसवतो असं मी म्हणत नाही. पण बऱ्याच ठिकाणी यादीतल्या दुव्यावरून तुम्ही वस्तू घेतली की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. पेपर वाचताना आपण शेवटी 'निधी कुणाचा' ते बघतो ना? तेच इथेही बघायचं. आणि ताऱ्यांबद्दल: लोक खोका उघडल्यावर पहिल्या दोनचार दिवसांत तारे देतात. वर्षभर वापरून झाल्यावर परत येऊन लिहिणारे थोडे. त्यामुळे ताऱ्यांवरून पहिल्या आठवड्यातला आनंद कळतो, टिकाऊपणा कळत नाही.

दुसरं वाचन: डंडीचा अहवाल

ताईने एक नेमका प्रश्न विचारला होता: बाळाचं तोंड आपल्याकडे असावं की पुढे? यावर शोधलं की एक नाव हमखास येतं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ सुझान झीडिक यांचा २००८ चा अहवाल. ब्रिटनच्या नॅशनल लिटरसी ट्रस्टने तो प्रसिद्ध केला. तुमच्यापैकी ज्यांना 'रिसर्च डिझाइन' हा पेपर कोरडा वाटतो त्यांनी हा जरूर समजून घ्यावा, कारण यात दोन वेगळ्या पद्धती शेजारीशेजारी आहेत.

पहिला भाग निरीक्षणाचा. ब्रिटनमधल्या बाजाररस्त्यांवर स्वयंसेवकांनी २,७२२ पालक-बालकांच्या जोड्या पाहिल्या. ६२ टक्के मुलं पुढे तोंड असलेल्या गाड्यांत होती. तोंड पालकाकडे असलेल्या गाड्यांत २५ टक्के पालक बाळाशी बोलताना दिसले, तर पुढे तोंड असलेल्या गाड्यांत ११ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त फरक.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा: यावरून 'दिशा बदलली की बोलणं वाढतं' असं म्हणता येईल का? नाही येणार. पालकाकडे तोंड करता येणाऱ्या गाड्या सहसा महाग असतात. त्या लहान बाळांसाठी जास्त वापरतात. आणि ज्या आईला मुळातच बाळाशी बोलत राहायला आवडतं, ती तशीच गाडी निवडेल. मग बोलणं गाडीमुळे आलं, की गाडी बोलण्याच्या आवडीमुळे आली? नुसत्या निरीक्षणातून हे सुटत नाही, मग जोड्या २,७२२ असोत नाहीतर दोन लाख. सॅम्पल मोठं केल्याने हा दोष जात नाही, हे वहीत लिहून ठेवा.

म्हणून दुसरा भाग महत्त्वाचा. त्यात ९ ते २४ महिन्यांची बाळं असलेल्या फक्त २० माता होत्या. डंडीच्या मध्यवस्तीत साधारण मैलभर चालायचं, अर्ध्या वाटेत बाळाचं तोंड पुढे आणि अर्ध्या वाटेत आईकडे. आई तीच, बाळ तेच, फक्त दिशा बदलली. त्यामुळे 'बोलकी आई' हा घोळ निघून गेला. निकाल: तोंड आईकडे असताना आयांचं बोलणं साधारण दुप्पट झालं. त्या अवस्थेत निम्मी बाळं हसली, पुढे तोंड असताना २० पैकी एकच. आईकडे तोंड असलेल्या बाळांच्या हृदयाचे ठोके किंचित कमी होते आणि झोप लागण्याचं प्रमाण जास्त.

मला हा अहवाल आवडतो. मोठ्या निरीक्षणातून शंका काढायची आणि लहान प्रयोगातून ती तपासायची, ही शिस्त आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत दिसत नाही. पण आवडतो म्हणून सूट द्यायची नाही. माझे आक्षेप तीन.

एक, नावीन्य. जी आई रोज पुढे तोंड असलेली गाडी ढकलते, तिच्यासमोर अचानक बाळाचा चेहरा आला तर ती जास्त बोलणारच. महिन्याभराने तेवढीच बोलेल का? मैलभराच्या एका फेरीतून याचं उत्तर मिळत नाही.

दोन, मोजलं काय आणि सांगितलं गेलं काय. मोजलं त्या फेरीतलं बोलणं. बातम्यांतून आणि विक्रेत्यांच्या तोंडून मात्र ते 'भाषाविकास' होऊन बाहेर आलं. दोन वर्षांनी कुठल्या बाळाला जास्त शब्द येतात, हे या प्रयोगात मोजलेलं नाही. मोजलेली गोष्ट आणि तिच्या नावाने विकली जाणारी गोष्ट यांतलं अंतर ओळखता आलं, तर मुलाखतीतला निम्मा किल्ला सर झाला समजा.

तीन, तुलना कशाशी? प्रयोगात गाडीची तुलना गाडीशीच आहे. डंडीत ते बरोबर आहे, तिथे बाळ गाडीतच फिरतं. येवल्यात गाडीची खरी स्पर्धा आहे ती कडेशी. इथे बाळ आईच्या, आजीच्या, शेजारच्या काकूंच्या कडेवर असतं, नाहीतर मागाशेजारी बांधलेल्या झोळीत. आपला कंट्रोल ग्रुप वेगळा आहे.

मग माझं मत? एकाच किमतीत दोन्ही मिळत असतील तर पहिलं वर्षभर तरी बाळाचं तोंड आपल्याकडे असलेली गाडी घ्यावी. त्यात तोटा काही नाही आणि फायद्याचा पुरावा लहान असला तरी नीट मांडलेला आहे. पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत इतका तो पुरावा भक्कम नाही.

तिसरं वाचन: दोन अभ्यास, जे एकमेकांच्या आड येतात

आता थोडं माझ्या आवडीचं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्रशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबागाडीतल्या बाळांना किती प्रदूषण सोसावं लागतं यावर काम केलंय. मुद्दा साधा आहे. गाडीत बसलेल्या बाळाचं नाक जमिनीपासून साधारण ५५ ते ८५ सेंटिमीटरवर असतं, म्हणजे वाहनांच्या धुराड्यांच्या जवळपास. २०१८ च्या त्यांच्या आढावा लेखात मोठ्या माणसांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषणाचा उल्लेख आहे. २०२० मध्ये त्यांनी शाळेच्या वेळी रस्त्यावर प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा सूक्ष्म कणांसाठी हा फरक ४४ टक्क्यांपर्यंत आला. गाडीला आवरण घातल्यावर कणांचं प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत घटलं.

या तिन्ही आकड्यांत 'पर्यंत' आहे. बातमीत पहिल्यांदा गळतो तो हाच शब्द. शिवाय हे गुणोत्तर आहे. हवा स्वच्छ असेल तर ४४ टक्के जास्त म्हणजेही थोडंच, आणि हवाच वाईट असेल तर आई आणि बाळ दोघांचेही हाल. आमच्या गावातून नगर-मनमाड रस्ता जातो. त्यावरून ट्रक आणि बाजार समितीकडे जाणारे कांद्याचे ट्रॅक्टर चालू असतात. तिथे कुठली गाडी घेतली यापेक्षा त्या रस्त्याने न जाता मागच्या गल्लीने गेलो का, याने जास्त फरक पडेल.

तरी तुम्ही म्हणाल, आवरण घालून टाकू. थांबा. २०२३ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला. उन्हाळ्यात बाबागाडीवर कापड टाकलं तर आतलं तापमान किती होतं, हे त्यांनी मोजलं. कोरडं मलमलचं कापड टाकल्यावर आतली हवा अडीच अंशांहून जास्त तापली. तेच कापड ओलं करून टाकलं तर आतली हवा उलट थंड झाली, आणि छोटा पंखा लावल्यावर आणखी. कापड दर १५-२० मिनिटांनी पुन्हा ओलं करत राहायचं.

बघा आता. धुळीसाठी आवरण घाला, असं एक अभ्यास सुचवतो. कोरडं आवरण तापवतं, असं दुसरा सांगतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर. आढावा लिहिणाऱ्याचं खरं काम इथे सुरू होतं. येवल्याचा एप्रिल-मे कडक आणि कोरडा. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं, म्हणून ओला पंचा इथे काम करेल, जसा आपला कूलर करतो. मुंबईच्या दमट हवेत तोच पंचा तितका थंड करणार नाही. आणि सिडनीत गाडीतल्या हवेचं तापमान मोजलंय, बाळाच्या अंगाचं नाही. त्यामुळे पंचा टाकला तरी हवा खेळती ठेवायची आणि बाळाकडे बघत राहायचं, हे काही सुटत नाही.

सुरक्षिततेचा आकडा कसा वाचावा

नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. गाडी उघडताना बिजागरीत मुलांची बोटं सापडल्याच्या १५ तक्रारी होत्या, त्यांतल्या १२ मुलांच्या बोटाचं टोक तुटलं. कंपनीने बिजागरीवर बसवायची झाकणं फुकट दिली.

१० लाखांत १२ म्हणजे साधारण ८३ हजार गाड्यांमागे एक. हा आकडा लहान की मोठा? बोट तुटलेल्या मुलाच्या घरी तो लहान नाही. शिवाय छेदात गाड्यांची संख्या धरायची की घडी उघडण्याच्या वेळांची? आणि न नोंदवलेल्या घटनांचं काय? यातून घरी नेण्यासारखी गोष्ट एवढीच: बाळ गाडीपासून दूर असल्याशिवाय गाडी उघडायची नाही आणि मिटायचीही नाही. अमेरिकेने २०१४ मध्ये बाबागाड्यांसाठी सक्तीचा नियम केला. असे नियम ब्रेक, पट्टे, बिजागरी, कलंडणं हे सगळं तपासतात. म्हणजे गाडी धोकादायक नाही ना, एवढं ते सांगतात. ती तुमच्या कामाची आहे का, हे ठरवणं त्यांचं काम नव्हे.

आता माझी चूक

गाडी आली. ताईने बाळाला बसवलं, आईने दृष्ट काढली आणि आम्ही निघालो. पहिल्या गल्लीत गटाराची जाळी लागते. पुढचं चाक जाळीच्या फटीत गेलं आणि गाडी जागीच थांबली, बाळ पुढे झुकलं. पट्टा होता म्हणून काही झालं नाही, पण ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. तिने बाळाला उचलून कडेवर घेतलं. मी गाडी बाहेर काढत असताना ती शांतपणे म्हणाली, "अरे, तुझ्या तक्त्यात आपली गल्ली कुठे होती?"

सतरा गाड्या, नऊ निकष, आणि गल्ली नव्हती. मी लहानपणापासून त्या गल्लीत चाललोय, तरी नव्हती.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसाला हे जास्त लागतं, कारण गणित बारावीचं आहे. चाकाची त्रिज्या r, समोरच्या उंचवट्याची उंची h. आडवा जोर लावून चाक वर चढवायला त्या चाकावरच्या भाराच्या √(2rh − h²) भागिले (r − h) इतक्या पट जोर लागतो. १५ सेंटिमीटर व्यासाचं चाक आणि अडीच सेंटिमीटरचा उंचवटा घ्या: उत्तर येतं सुमारे १.१ पट. ३० सेंटिमीटर व्यासाचं चाक घ्या: सुमारे ०.६६ पट. त्यात आपण गाडीचा दांडा थोडा खाली दाबत ढकलतो, म्हणजे भार आणखी वाढतो. लहान चाक अडणारच होतं. मॉलच्या गुळगुळीत फरशीवर h शून्याच्या जवळ असतो, म्हणून तिथे सगळ्या गाड्या छान चालतात.

यात गाडीचा दोष नाही. घडी होणाऱ्या हलक्या गाडीची कल्पना ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने १९६५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यातून आणली. ते विमानांवर काम केलेले गृहस्थ. प्रवासात गाडी चटकन मिटून हातात घेता यावी, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांनी उत्तम दिलं. ताईचा प्रश्न वेगळा होता: चार गल्ल्या, दोन जाळ्या, तीन उंबरे, दिवसातून दोन वेळा. मी तिचा प्रश्न विचारून न घेताच उत्तर शोधायला बसलो.

आणि हे माझ्या प्रबंधातही झालंय, म्हणून बोचलं. मी वायू ओळखणारे सेन्सर बनवतो. बंद कक्षातल्या कोरड्या हवेत माझी फिल्म सुंदर प्रतिसाद देते. मागच्या प्रगती-सादरीकरणात एका बाहेरच्या तज्ज्ञांनी विचारलं, "पावसाळ्यात काय करणार?" दमट हवेत धातूच्या ऑक्साइडचे सेन्सर बिघडतात हे मला पाठ होतं, पण माझ्या तक्त्यात आर्द्रतेचा रकाना नव्हता. गल्लीसारखाच.

मग घ्यायची कशी?

ज्यांच्या घरी खरंच गाडी घ्यायची आहे त्यांच्यासाठी, मी आज केली असती त्या क्रमाने.

आधी वाट चाला आणि उंचवटे, फटी, जिने मोजा. घराचं दार मोजा. गाडी जिन्यावरून कोण उचलणार ते ठरवा आणि बाळासकट वजन धरा. बाळ नीट मान धरून बसायला लागेपर्यंत, साधारण सहा महिने, पाठ पूर्ण आडवी होणारीच गाडी हवी. पट्टा खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा, पाच टोकांचा. ब्रेक उतारावर लावून बघा. या सगळ्यातून ज्या उरतील त्यांतच मग तोंडाची दिशा, छत, वजन, किंमत बघा. आणि विकत घ्यायच्या आधी ओळखीतल्या कुणाची गाडी मागून आपल्या वाटेवर एक फेरी मारा. याला आपण पायलट स्टडी म्हणतो. माझ्या बाबतीत त्याचा खर्च शून्य होता आणि तो न केल्याचा खर्च साडेनऊ हजार.

खोका फोडल्यामुळे ती गाडी परत गेली नाही. आता ती आईच्या घरी असते, फरशीवर छान चालते. भाऊजींनी मनमाडच्या एका ओळखीतून मोठ्या चाकांची जुनी गाडी आणली, आणण्याआधी ताईसोबत तिची गल्लीतून फेरी मारून बघितली. बाळाचं तोंड आईकडे आहे.

मी आईला एक आठवडा नोंद ठेवायला सांगितली. चौदा फेऱ्यांपैकी पाच गाडीतून, नऊ कडेवरून. सॅम्पल लहान, निरीक्षक पक्षपाती (आजी), त्यामुळे निष्कर्ष काढत नाही. ताईला विचारलं की चांगली गाडी असताना कडेवर का? म्हणाली, "दोन्ही वेळा ती जागी असते. गल्लीत सगळे तिच्याशी बोलतात. गाडीत असली की वाकावं लागतं त्यांना."

डंडीच्या अहवालाला मी तीन आक्षेप घेतले होते. हा चौथा माझ्या लक्षात आला नव्हता: मोजलं गेलं ते फक्त आईचं बोलणं. गल्लीचं बोलणं कुणी मोजलंच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या विषयातला एक गाजलेला पेपर घ्या. त्याची 'गल्ली' कुठली होती, आणि तुमची कुठली आहे, हे दहा ओळींत लिहा. पाठवा, मी वाचतो.